फडक्याला उत्तर

१४ मे, मेल्कच्या धक्क्यावरून

झेन्झी,

आधी अंडी, मग दूध, मग धुणं. हा क्रम आईनं लावून दिला होता आणि त्या सकाळी आपण तो मुकाट्यानं पाळत होतो. तू खुराड्यात वाकली होतीस. मी दुधाची किटली राखेनं घासत होते. बाबा खाली धक्क्यावर, माणसं पलीकडे नेणाऱ्या तरीच्या दोराला चरबी लावत होते आणि चुलीवर चादरी उकळत होत्या. तेवढ्यात वरच्या वळणावर भोंगा वाजला. तू अंडी तशीच गवतात ठेवलीस, मी किटली टाकली आणि आपण दोघी स्वयंपाकघरात धावलो. टेबलावरचा पांढरा कपडा तू एका बाजूनं ओढलास, मी दुसऱ्या. पावाचा चुरा घरभर उडाला. आई ओरडली, "अगं कार्ट्यांनो, त्या बोटीला काय जेवायला बोलावताय का?"

धक्क्यावर उभं राहून आपण तो कपडा हलवला. ओढबोटीच्या मागच्या दारातून एक किडकिडीत माणूस बाहेर आला. त्यानं खांद्यावरचं भांडी पुसायचं फडकं काढलं आणि बोट वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिला. तू म्हणालीस, "बुर्गे, हा तुझ्यासाठीच हलवतोय." मी म्हणाले, "गप गं. त्याचं सूप करपत असेल आत."

आज त्याच धक्क्यावरून गेले आणि हे सगळं आठवलं, म्हणून लिहायला बसले.

सकाळी तू वाट पाहिली असशील. फोनवर मी तुला सांगितलं होतं की वरच्या डेकवर उभी राहीन आणि माझ्या लॉइझलचं ते निळ्या पट्ट्याचं फडकं हलवीन. पण काय झालं, पासाऊला रात्रीच्या जेवणात धुरी दिलेला मासा होता, तो मला बाधला. सकाळभर पोट धरून खोलीत पडून होते. भोंगा ऐकला, पण उठवलं नाही. रागावू नकोस.

बाकी जहाज छान आहे. खोलीला काचेचं दार आहे, पडल्या पडल्या काठ सरकताना दिसतो. आम्ही चौघी आहोत, लिंझच्या वाचनालयातल्या वाचनमंडळाच्या. हेल्गाबाई शाळेच्या मुख्य होत्या, त्यांना सगळे डायरेक्टरबाई म्हणतात. वाल्ट्राउटचे यजमान दातांचे डॉक्टर होते, म्हणून ती डॉक्टरीणबाई. गुस्तीची बेकरी होती, तिला नुसतं गुस्तीच म्हणतात. शहरातली रीत तुला माहीत आहे, नवऱ्याची पदवी बायकोच्या कोटाला लागते, आणि नवरा गेला तरी ती कोटावरून निघत नाही.

घरचा फोन उचलत नाहीयेस. कोंबड्यांत असशील. हे पत्र इथल्याच पेटीत टाकते.

तुझी
बुर्गी


१५ मे, व्हिएन्ना

झेन्झी,

कालचं माशाचं खोटं होतं. पत्र पेटीत टाकलं आणि लगेच परत काढायला गेले. खरंच हात घातला, मनगटापर्यंतच गेला. मागे उभा असलेला म्हातारा म्हणाला, "बाई, प्रेमपत्र आहे का?"

मी खोलीत नव्हते. डेकवर होते, पुढच्या बाजूला, वेताच्या खुर्चीत. पासाऊला घेतलेली गवती टोपी आणि काळा चष्मा घालून. पर्स मांडीवर होती आणि फडकं पर्समध्ये. पर्सची चेन उघडी होती आणि माझा हात आत होता, फडक्यावर.

मला तू लांबूनच दिसलीस. घर दिसायच्या आधी तो पांढरा कपडा दिसला. कप्तानानं भोंगा दिला. आमच्या चौघींच्या माना तिकडे वळल्या.

डायरेक्टरबाई म्हणाल्या, "ते बघा, कोणीतरी टेबलाचा कपडा झटकतंय."

"एवढा वेळ?" डॉक्टरीणबाई म्हणाली. "किती चुरा सांडला असेल तो? सगळं गाव जेवलं असेल त्या टेबलावर."

त्या हसल्या. मीही हसले, झेन्झी.

गुस्ती म्हणाली, "झटकत नाहीये ती. हलवतेय. कोणालातरी बोलावतेय."

डायरेक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "कप्तानीणबाई, ही तुमची नदी. तुम्हीच सांगा, ही काय रीत आहे?"

आता हे कप्तानीणबाई काय, ते सांगायलाच हवं. लॉइझल गेल्यावर त्या हिवाळ्यात मी वाचनमंडळात पहिल्यांदा गेले. दवाखान्याच्या धुलाईघरात उभं राहून आयुष्य काढलेली मी, आणि त्या सगळ्या खुर्च्यांवर कशा रेलून बसलेल्या. डायरेक्टरबाईंनी विचारलं, "आपले यजमान?" मी म्हणाले, "डॅन्यूबवर होते. जन्मभर." त्या म्हणाल्या, "अरे वा, कप्तान!" मी हातमोजे काढत होते. ते काढायला मी जरा जास्तच वेळ लावला. तोवर त्यांनी सगळ्यांना सांगितलंही होतं, या कप्तानीणबाई. कोणीतरी उठून मला खिडकीजवळची खुर्ची दिली. मला वाटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी त्यांनी माझं मत विचारलं, एका पुस्तकाबद्दल, आणि मी बोलले ते दोघींनी लिहून घेतलं. स्वयंपाक्याच्या बायकोचं मत कोणी लिहून घेतलं असतं का, ते मी तपासून पाहिलं नाही. माहेर कुठलं असं विचारलं तेव्हा मी लिंझच सांगितलं. कप्तानीण तरीवाल्याच्या घरातून आली, हे बसत नव्हतं.

तर काल डेकवर डायरेक्टरबाईंनी विचारलं आणि मी म्हणाले, "खेड्यातल्या लोकांचं काहीतरी असेल."

तू वळणापर्यंत कपडा हलवलास. मधे एकदा हात दुखून तू तो खाली केलास आणि परत वर केलास. ते मला दिसलं. माझा हात पर्समध्ये होता.

बाबा म्हणायचे ते मला आठवत होतं. उत्तर आलं नाही तर समजायचं, नावेवर कोणीतरी गेलं. तूही तेच समजणार, हे मला माहीत होतं. माहीत असून बसून राहिले.

एवढंच झालं. पुढे काही झालं नाही.

बुर्गी


१७ मे, बुडापेस्ट

झेन्झी,

सगळ्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आंघोळीला गेल्या आहेत. डायरेक्टरबाईंना घोटाभर पाण्यात उभं राहूनही शिकवायचं असतं. इथून आवाज येत नाही, पण दिसतंय मला. मी डोकं दुखतंय म्हणून खोलीत राहिले. डोकं दुखत नाहीये. हल्ली मी खोटं बोलले की लगेच दुसऱ्या वाक्यात कबूल करते, एवढी सुधारणा.

पुढे काही झालं नाही असं मी लिहिलं. कोणाला लिहिलं? तुला. तू तर तिथे होतीस.

मला वाटलं होतं, तुला दिसलं नसेल. तुझ्या डोळ्यांतला मोतीबिंदू, आणि ऑपरेशन तू कोंबड्यांकडे कोण बघेल म्हणून पुढे ढकलतेस. मी या मोतीबिंदूच्या भरवशावर होते. बघ किती खाली गेले.

पर्सनबोइगच्या धरणाशी पुढे मालवाहू बोट होती, म्हणून आमचं जहाज थांबून राहिलं. मग जहाजं खालच्या पाण्यात उतरवतात त्या हौदात शिरलं. मागचं दार बंद झालं. डेक काठाच्या बरोबरीला आलेला, मधे हातभर फट आणि एक कठडा. आम्ही चौघी कठड्याला टेकून पाणी कसं सोडतात ते बघत उभ्या होतो. आणि वर रस्त्यावर फेर्डलची दुधाची गाडी येऊन थांबली.

तू उतरलीस. निळा एप्रन, रबरी बूट, काखेत तो कपडा. फेर्डलनं तुला धरायला हात पुढे केला, तो तू झटकलास. आणि कठड्याच्या कडेकडेनं प्रत्येकीच्या तोंडाशी वाकून बघत चालत आलीस, जशी बाजारात खरबुजं बघतेस.

"माफ करा हं," तू म्हणालीस. "या जहाजावर बुर्गी लायटनर म्हणून कोणी आहे का? माझी बहीण. तिनं उत्तर दिलं नाही. तिला काही झालं का? आजारी आहे का?"

डायरेक्टरबाई म्हणाल्या, "लायटनर? अहो, आडनाव तर तुमचंच, कप्तानीणबाई!"

मी म्हणाले, "लायटनर पुष्कळ आहेत या नदीकाठी."

"मग ओळखत नाही तुम्ही यांना?"

"नाही."

एकच शब्द. पण झेन्झी, तुझे डोळे गेलेत, कान नाही. तू थांबलीस. माझ्यासमोर, हातभरावर. तुझ्या कपाळाला कोंड्याची भुकटी लागलेली होती. तुला कोणीतरी सांगायला हवं होतं की पूस ती. मी रोज पुसायचे.

तेवढ्यात पाणी सोडलं. जहाज खाली बसायला लागलं. आधी तुझे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. मग तुझा एप्रन समोर आला. मग गुडघे. मग चिखल लागलेले बूट, आणि मग ओली भिंत. तू वरून म्हणालीस,

"माफ करा हं, बाई. माझी चूक झाली. मला माझी बहीण वाटली."

बाई म्हणालीस. बसची वाट विचारताना परक्या बाईला म्हणतो, तसं.

मग तू वर उभी राहून तो कपडा घडी करायला लागलीस. तो मोठा कपडा, त्याला दोघी लागतात. आपण जन्मभर दोघींनीच केला. तू एक टोक हनुवटीखाली धरलंस आणि लांब हात करून एकटीनं घडी केलीस. मी खालून वर बघत होते. पुढचं दार उघडलं, जहाज निघालं.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "बिचारी. डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय." गुस्ती माझ्याकडे बघत होती.

मला तुझी लाज वाटली नाही, मला माझ्या खोटेपणाची भीती वाटली, असं मी आत्ता लिहिलं होतं. वर खोडलेलं दिसेल तुला. तुझीच लाज वाटली. तुझ्या बुटांची. मला वाटलं, आता ही बोलेल, लॉइझलच्या सुपाबद्दल बोलेल, बाबांच्या तरीबद्दल बोलेल, सगळ्यांसमोर मला बुर्गे म्हणेल. मला जगात दुसरं कोणी बुर्गे म्हणणारं उरलेलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

फोन उचलू नकोस. मी आता करणार नाही. लिहीत राहीन.

बुर्गी


१९ मे, जहाजावर, क्रेम्स यायच्या आधी

झेन्झी,

आम्ही परत वर निघालो आहोत. काल संध्याकाळी कप्तानाचं जेवण होतं. शेवटच्या दिवसांत एकदा कप्तान पाहुण्यांच्या टेबलावर बसतो आणि त्याच्या टेबलावर कोण बसणार, याची आठवडाभर चढाओढ चालते. डायरेक्टरबाईंनी परस्पर जाऊन सांगितलं होतं की आमच्यात एका कप्तानाची विधवा आहे. मला त्याच्या उजव्या हाताला बसवलं. मी मोत्यांची माळ घातली होती. डॉक्टरीणबाईची, तिनंच आग्रहानं दिली.

कप्तानाचं नाव हुदाक. स्लोव्हाक आहे, पण बोलतो आपल्या काठच्या माणसासारखं. भुवया पांढऱ्या. त्यानं माझा ग्लास भरला आणि विचारलं, "कुठली बोट होती आपल्या यजमानांची?"

मी बोटीचं खरं नाव सांगितलं. दुसरं एकही नाव त्या क्षणी आठवेना.

त्यानं काटा खाली ठेवला. "मी त्याच बोटीवर कामाला लागलो," तो म्हणाला. "माझी पहिली नोकरी. डेक धुवायचो."

झेन्झी, त्या बोटीचा कप्तान कोण होता ते त्याला माहीत असणारच. टकल्या, ओरडणारा, हंगेरियन. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी खारवलेल्या बदामांकडे.

मग तो सगळ्यांकडे वळून बोलायला लागला. "त्या बोटीवर आमचा एक स्वयंपाकी होता. लॉइझल. बटाट्याचं सूप असं करायचा की समोरून येणारी बोट वासावर वेग कमी करायची. पण ग्राइनच्या खालचं ते वळण आलं की हा स्वयंपाकघरात सापडायचा नाही. सूप उतू जाऊ दे, करपू दे, हा बाहेर, फडकं हलवत. धक्क्यावर एक पोरगी उभी असायची. आम्ही म्हणायचो, अरे लॉइझल, ती बायको आहे की बंदर? तर म्हणायचा, तुम्हाला काय कळतंय, बंदरात दर वेळी थांबता येतं."

टेबल हसलं. डायरेक्टरबाईंनी विचारलं, "किती गोड! काय आडनाव त्याचं?"

"लायटनर."

"अय्या! कप्तानीणबाई, परत तेच आडनाव!"

हुदाकनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग नॅपकिननं तोंड पुसलं आणि म्हणाला, "लायटनर पुष्कळ आहेत हो या नदीकाठी."

माझंच वाक्य. त्याला ते माहीतही नव्हतं. त्यानं माझी लाज झाकायला म्हटलं आणि मी ती झाकू दिली. जर्दाळूचे गोळे आले, ते मी सगळे खाल्ले.

उठताना तो माझ्यासाठी खुर्ची मागे ओढत हळूच म्हणाला, "त्या घरातून अजून कपडा हलतो. आम्ही सगळे भोंगा देतो. जाताना मी दिला होता, पण डेकवरून कोणी हात वर केला नाही. सोमवारी सकाळी परत तिथून जाऊ."

खोलीत आल्यावर मी माळ काढली आणि विचार करत बसले. लॉइझलला कधी कप्तान व्हायचं नव्हतं. तो म्हणायचा, कप्तान बदलला तर बोटीला दुसऱ्या दिवशी कळतं, स्वयंपाकी बदलला तर पहिल्याच जेवणाला. रद्दीच्या दुकानांतून माझ्यासाठी पुस्तकं घेऊन यायचा, पानांना कांद्याचा वास यायचा. शाळा सोडलेली बायको वाचते म्हणून बोटभर मिरवायचा. तो गेल्यावर मी त्याला बढती दिली, आणि बढती देताना त्याला पुसून टाकलं. तीन वर्षं मी त्या वाचनमंडळात रडले, त्यांनी माझे हात धरले, पण त्या सगळ्या कोणा दुसऱ्याच माणसासाठी माझं सांत्वन करत होत्या. सुपाबद्दल त्यांना एक शब्द माहीत नाही. काल एका परक्या माणसानं तो सांगितला आणि मी बदाम मोजत बसले.

आज दुपारी कॉफीच्या वेळी मी त्यांना सांगणार आहे. हे पत्र त्याआधी क्रेम्सला पेटीत टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. माझा माझ्यावर एवढाच भरवसा उरला आहे.

बुर्गी


२२ मे, लिंझ

झेन्झी,

सांगितलं.

वरच्या डेकवर आम्ही चौघी होतो. केक आला होता. डॉक्टरीणबाई तिच्या सुनेबद्दल सांगत होती. ती संपेपर्यंत थांबले असते तर थांबूनच राहिले असते, म्हणून मधेच म्हणाले, "मी कप्तानीण नाही. लॉइझल स्वयंपाकी होता. काल कप्तान ज्याच्याबद्दल बोलले, तो माझा नवरा. आणि माझं माहेर लिंझचं नाही. माझे वडील तरी चालवायचे."

डॉक्टरीणबाई हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय. माझं तोंड बघून थांबली.

डायरेक्टरबाईंनी चमचा बशीत ठेवला. "तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं आम्ही तुम्हाला त्या नावानं हाक मारली आणि तुम्ही ओ दिलीत."

"हो."

"एकदाही वाटलं नाही सांगावंसं?"

"दर वेळी वाटलं."

मग त्यांना आठवलं. ते आठवताना मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. "म्हणजे ती हौदावरची बाई..."

"माझी धाकटी बहीण. झेन्झी. तो कपडा ती माझ्यासाठी हलवत होती. मी उत्तर दिलं नाही म्हणून तिला वाटलं मी मेले. ती मला बघायला आली होती."

डॉक्टरीणबाईनं तोंडावर हात ठेवला. तिला बहुतेक तिचाच चुऱ्याचा विनोद आठवला असावा, आणि दुसरंही, तुझ्या डोक्याबद्दल बोलली ते.

डायरेक्टरबाई उठल्या. कप हातात घेतला. म्हणाल्या, "पदवीचं मी एक वेळ समजू शकते, लायटनरबाई. मीही माणसं त्यावरून बसवत आले. पण ते दुसरं मला समजत नाही." आणि खाली निघून गेल्या. डॉक्टरीणबाई थोडा वेळ घुटमळली, मग तीही गेली. माळ मी तिच्या खोलीत ठेवून आले होते.

मी पण उठायला लागले. गुस्ती म्हणाली, "बस. केक संपव. तो काय तुझ्या पापात भागीदार आहे?" तोवर ती मला कायम अहोजाहो करायची.

मी बसले. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून संशय होता. जेवण झालं की तू सगळ्यांच्या बशा एकावर एक रचतेस, काटे सगळे एका बाजूला. कप्तानीण बशा रचत नाही."

"मग हौदाशी काही बोलली का नाहीस?"

"मी काय बोलू?" ती म्हणाली. "बहीण तुझी."

मग तिनं सुपाबद्दल विचारलं. मी सांगितलं. कांदा चरबीत लाल करायचा, वाळलेल्या अळंब्या आदल्या रात्री भिजत घालायच्या, व्हिनेगर शेवटी आणि गॅस बंद केल्यावर. ती म्हणाली, "गॅस बंद केल्यावर? कधी सुचलं नाही मला." लॉइझल गेल्यापासून मी त्याच्याबद्दल पहिल्यांदाच कोणाशी बोलत होते, असं वाटलं.

त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर मी आणि गुस्ती, दोघीच जेवलो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मंडळात आता मी जाईन की नाही ते माहीत नाही. पुस्तकं घरी आणून वाचता येतात, पूर्वी वाचायचेच.

तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तसं वाटलं तर हे पान फाडून कोंबड्यांखाली अंथर. तू मला बाई म्हणालीस ते बरोबर होतं. त्या वेळी कठड्यापाशी तुझी बहीण नव्हतीच. एवढंच आहे की तू फेर्डलच्या गाडीतून, डोळ्यांनी दिसत नसताना, मी जिवंत आहे का ते बघायला आलीस. त्याचं उत्तर मी द्यायला हवं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी लवकर उठून वर गेले. नदीवर दाट धुकं होतं. काठ अजिबात दिसत नव्हता, घर तर नाहीच. तू धक्क्यावर होतीस की प्रार्थनेला गेली होतीस की दार लावून आत बसली होतीस, मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. घराआधीचं सार्मिंगष्टाइन गाव मागे पडलं तेव्हा मी टोपी काढली, चष्मा काढला आणि ते दोन्ही गुस्तीकडे दिले. हुदाकनं भोंगा दिला. मी लॉइझलचं फडकं पर्समधून काढलं, घराच्या बाजूला तोंड करून उभी राहिले आणि वळण येईपर्यंत ते हलवलं.